बिजागरीचं तेल

आई : किल्ली माझ्याकडे नाही.

मुलगा : आई, तुझ्या चष्म्याच्या डबीत आहे. हलवलीस की खडखडते.

आई : चष्मा असतो त्यात.

मुलगा : सहा वर्षं झाली, तू चष्मा लावलेला नाहीस.

आई : म्हणून काय फेकून देऊ? ज्याचा उपयोग संपला ते फेकायचं, ही तुमच्या पिढीची पद्धत. मी जपून ठेवते.

मुलगा : जुन्या घरमालकांचा सकाळपासून दोनदा फोन आलाय. उद्या त्यांचे नवे भाडेकरू सामान घेऊन येतायत. एक किल्ली मी निघताना दिली होती, दुसरी तुझ्याकडे राहिली. उद्या आमच्या कारखान्याचा ट्रक तिकडे जातोय, ड्रायव्हरच्या हाती पाठवून देतो.

आई : ड्रायव्हरच्या हाती मलाच पाठव की. किल्लीही पोचेल आणि तुमची अडगळही जाईल. एका खेपेत दोन कामं.

मुलगा : आई.

आई : चेष्टा नाही करत. मी परत जाणार आहे. घरमालकांना म्हणावं, नव्या भाडेकरूंना दुसरीकडे बघायला सांगा, म्हातारी येतेय. शेजारच्या शिंपीणबाई दोन वेळचं जेवण देतील, माझं बोलणं झालंय. आणि डॉक्टरीणबाईंनी निघताना काय सांगितलं ते तुझ्यासमोर सांगितलं. "बाई, दवाखान्यातली ती खुर्ची तुमचीच. कधीही या." तू होतास ना तिथे?

मुलगा : होतो.

आई : मग? तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. एकीकडे मंत्र्याची लाइन, एकीकडे मयताचा निरोप, कधी गल्लत केली नाही. डोळे गेले तेव्हा वाटलं, संपलं. तर त्या माउलीनं बोलावून घेतलं, म्हणाली फोन घ्यायला डोळे कशाला लागतात! रोज सकाळी तीन तास. "नमस्कार, दवाखाना." नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोणाचा ताप उतरला नाही ते. आणि माणसं तरी किती चांगली तिथली. फोन वाजायच्या आधी रिसीव्हर माझ्या हातात. "घ्या बाई, तुमचा फोन." रांगेत बसलेले पेशंट, स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून उठायचे. इथे आहे का असं कोणी?

मुलगा : इथले लोकही वाईट नाहीत. ओळख व्हायला वेळ लागतो.

आई : दोन महिने झाले. ओळख व्हायला आधी माणूस असावं लागतं. सगळा दिवस एक गाडी नाही, एक हाक नाही, एक पाखरूसुद्धा नाही या मुलखात. कसलं हे उपनगर, राजा? कापसाच्या पोत्यात घालून वरून शिवून टाकल्यासारखं वाटतं.

मुलगा : पाखरं... या दिवसांत नसतात इकडे.

आई : नसतील. इथे काहीच नसतं. तिकडे कसं होतं? दाराबाहेर पडलं की डाव्या हाताला तुझी करवत. ती मागे पडली की टायरवाल्याचा पंप, धडधड धडधड. मग छापखाना. छापखान्याची भिंत संपली की दवाखान्याची पायरी. दीडशे पावलं, आणि काठी फक्त दाखवण्यापुरती. येताना करवत ऐकू आली की समजायचं, आलं घर. तुझ्या लाकडाच्या धुळीचा वास यायच्या आधी करवत यायची. आणि इथे? परवा त्या फाटकापर्यंत गेले, चाळीसच पावलं, मोजून. परत फिरले तर कोणाच्या तरी अंगणात. सगळी घरं एकासारखी एक, सगळीकडे तेच गवत, सगळीकडे तोच मुका रस्ता. तिथल्या बाईनं दंडाला धरून पोचवलं मला. पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं की पोचवतात ना, तसं.

मुलगा : मी फाटकापासून दारापर्यंत लाकडी कठडा करून देणार आहे. माप घेतलंय.

आई : तू माप घे. तेवढंच येतं तुला. इकडे आणलंस तेव्हाही मापच घेतलं होतंस. माझा पलंग दारापासून साडेचार फूट, कपाट खिडकीपासून तीन, अगदी तिकडच्यासारखं. मी मान्य करते, कामात तुझा हात कोणी धरणार नाही. खोलीत मी कशाला आदळले नाही एकदाही. पण मला सांग, मला काय आयुष्यभर खोलीतच चालायचंय?

मुलगा : नाही.

आई : आणि त्यावर कळस म्हणजे हे तेल! कोणी सांगितलं होतं तुला सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायला? खुर्च्यांच्या पायांना रबर, दारांना तेल, भांड्यांखाली फडकी. घरात कोण आलं, कोण गेलं, काही कळू नये अशी व्यवस्था. काल मी दहा मिनिटं एका खुर्चीशी बोलले, माहितेय? तुझी बायको समोर बसलीय असं समजून. शिंपीणबाईंच्या लेकीचं लग्न मोडलं ती सगळी हकिकत सांगितली. मग हात पुढे केला तर खुर्चीची पाठ. थंडगार.

मुलगा : ती सांगून गेली असेल.

आई : सांगून गेली असेल! तिचं सांगणं म्हणजे पुटपुटणं. तिकडे असताना बोलायची नीट. इथे आल्यापासून तोंडातल्या तोंडात. मनासारखं झालं ना, आता आवाज कशाला चढवायचा?

मुलगा : तिच्या मनाचं काय झालंय यात?

आई : बघ, आता माझ्याकडून बोलून घेतोयस. हे सगळं कोणासाठी, हे काय मला कळत नाही? "तिचं डोकं दुखतं आई, करवतीचा त्रास होतो, छापखान्याचा त्रास होतो, शांत ठिकाणी जाऊ." तूच म्हणालास. वीस वर्षं त्याच करवतीवर संसार झाला तेव्हा नाही दुखलं डोकं. माझे डोळे गेले, घरात एक माणूस वाढलं सांभाळायला, आणि बाईसाहेबांचं डोकं दुखायला लागलं. तुझं स्वतःचं वर्कशॉप. आम्ही दोघांनी, तुझ्या बाबांनी आणि मी, त्याची पहिली पाटी रंगवली. ते बंद करून तू कोणाच्या तरी कारखान्यात कपाटांचे खोके जोडतोस. का? तर तिला शांतता हवी. मी तर म्हणते, तिला ती दवाखान्यातली खुर्ची बघवत नव्हती. सासू डोळ्यांशिवाय कामाला जाते आणि लोक नाव काढतात, ते नको होतं तिला. मला इथे आणून बसवलं. आंधळ्या माणसाला मुक्या गावात. एवढं जमलं, आता मी मरायची तेवढी वाट बघायची.

सून : मी इथेच आहे, आई.

आई : कोण?

सून : मी. धुतलेल्या चादरी घेऊन आले होते. तुम्ही चष्म्याच्या डबीचं बोलत होतात तेव्हापासून उभी आहे.

आई : वा. बघ रे, बघ. याचसाठी तेल लागतं दारांना. चोरांची सोय.

सून : चोरून नाही आले. दार उघडून आले. नेहमीसारखी.

आई : मग खाकरायचं होतं. ऐकायचं होतं ना म्हातारी काय बोलते ते? ऐकलंस. बरं झालं. तोंडावर बोलायला मी कधी भ्यायले नाही.

सून : मीही आता तोंडावरच बोलते. माझं डोकं कधीच दुखत नव्हतं.

मुलगा : अगं, तू आत जा.

सून : का? दोन महिने माझ्या डोक्यावर खापर फोडून घेतलं मी, तुम्ही म्हणालात म्हणून. थोडे दिवस, म्हणालात. शाळेतली नोकरी सोडली. पहिलीची चाळीस मुलं होती माझी. इथे दोन बस बदलून जाते, बदली शिक्षिका म्हणून, कोणी आजारी पडलं तर. करवत, छापखाना, मला सगळं आवडायचं. ते बंद पडलं की मलाच झोप यायची नाही. आणि आता ऐकतेय की मला सासू मरायला हवीय.

मुलगा : आई रागात बोलली.

सून : मग तुम्ही शांतपणे बोला. सांगून टाका ना एकदा.

आई : काय सांगायचंय?

मुलगा : काही नाही.

आई : अरे, मी तीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या. दोन माणसं काहीतरी दाबून बोलतायत हे मला न ऐकता कळतं. बोल, काय सांगायचंय?

मुलगा : डोक्याचं मी खोटं सांगितलं. जायचं मी ठरवलं होतं, हिने नाही. कारखान्याची नोकरी चांगली होती, घर तळमजल्यावर होतं, रस्त्याला गाड्या नाहीत...

आई : आणि बायकोवर ढकललंस?

मुलगा : तू माझ्यावर रागावली असतीस तर आली नसतीस.

आई : म्हणजे तिच्यावर रागावून आले. छान. सुताराची अक्कल. एक फट बुजवायला दुसऱ्या फळीची ढलपी. सूनबाई, बोलले ते मागे घेते. दवाखान्यातल्या खुर्चीचं बोलले तेही. पण मग तू तरी कशाला गप्प बसलीस? आणि पुटपुटतेस कशाला?

सून : मी पुटपुटत नाही, आई. मी वर्गात चाळीस मुलांना ऐकू जाईल असं बोलते तुमच्याशी. घसा बसलाय माझा.

मुलगा : पुरे.

आई : काय पुरे? तिला बोलू दे. आणि तू आधी ते तेल पुसून काढ. आत्ता. फडकं घे, काय घालायचं ते घाल, पण या खोलीचं दार मला वाजायला हवं. तुमच्या घरात मी एवढंच मागते. माणूस आत आलं की मला कळलं पाहिजे.

मुलगा : पुसतो. संध्याकाळी.

आई : संध्याकाळी कशाला? रविवार आहे, हात रिकामे आहेत तुझे.

मुलगा : स्क्रू काढावे लागतील. हत्यारं कारखान्यात आहेत.

आई : तेल पुसायला हत्यारं? कोणाला सांगतोस, सुताराच्या बायकोला? सरक. माझ्याकडे रुमाल आहे. मीच पुसते.

मुलगा : आई, बस. अडखळशील.

आई : साडेचार फूट. तूच मोजलंस ना. हा पलंगाचा कठडा, ही भिंत, हे दार. आणि ही वरची बिजागरी.

मुलगा : आई, राहू दे गं.

आई : ही कोरडी आहे.

मुलगा : वरची राहिली असेल.

आई : तुझ्याकडून? तू एक बिजागरी विसरलास, हे मी, तुला बारशापासून ओळखणाऱ्या बाईनं, मानायचं? थांब. मधली. हीसुद्धा कोरडी. गंज लागतोय बोटांना, भुगा पडतोय. खालची मला वाकून बघायची गरज नाही. या दाराला तू थेंबभर तेल घातलेलं नाहीस.

(दार उघडतं, मिटतं. पुन्हा उघडतं, अगदी सावकाश, आणि पुन्हा मिटतं.)

आई : आत्ता वाजतंय का हे? तुला विचारतेय. वाजतंय?

मुलगा : वाजतंय.

आई : किती?

मुलगा : बरंच.

आई : सूनबाई, तू सांग. हा मापातला माणूस आहे, पण आज माप चुकवेल.

सून : स्वयंपाकघरात ऐकू येतं, आई. करकर करतं. तुम्ही पहाटे उठून बाहेर येता तेव्हा त्यानंच आम्हाला जाग येते.

आई : असं.

मुलगा : आई, ऐकू येणं पूर्ण नाही गेलेलं. जाड आवाज येतात तुला. माझा येतो, ट्रकचा येतो. बारीक आवाज गेलेत. घंटा, शिट्टी, असे. हिचा आवाज बारीक आहे म्हणून...

आई : पाखरं? या दिवसांत नसतात म्हणालास.

सून : आहेत. तुमच्याच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात घरटं आहे. पहाटेपासून कालवा करतात.

आई : माझ्याच खिडकीवर. भाडं न देता राहतात आणि एक शब्द बोलत नाहीत माझ्याशी, असं म्हणायचं. कधी कळलं तुला?

मुलगा : पावसाळ्याआधी. मी वर्कशॉपच्या दारात उभा होतो. तू दवाखान्यातून येत होतीस. मागून सायकलवाला आला, सारखी घंटी मारत. तू सरकली नाहीस. त्यानं शेवटी गटारात घातली सायकल. तू तशीच चालत आलीस, हसत, आणि मला म्हणालीस, आज रस्ता अगदी मोकळा होता. मी घाबरलो, आई.

आई : आणि दवाखाना? डॉक्टरीणबाईंना माहीत होतं?

मुलगा : जाऊ दे ना आता ते.

आई : फोन. तो फोन वाजायचा?

मुलगा : वाजायचा.

आई : वाजायचा आणि मी शेजारी बसलेली असायचे.

मुलगा : डॉक्टरीणबाई कधी काही बोलल्या नसत्या. पेशंटनीच आपापसात ठरवलं होतं. वाजला की जवळ बसलेल्यानं उचलायचा आणि तुझ्या हातात द्यायचा. पण एकदा सकाळी कोणी नव्हतं. तू एकटीच होतीस. एका घरातून सात वेळा फोन आला. लहान मूल होतं. वाचलं ते, दुसरीकडे नेलं त्यांनी. पण त्यानंतर डॉक्टरीणबाई मला भेटायला आल्या. वर्कशॉपमध्ये, लाकडांच्या ढिगावर बसून रडल्या. म्हणाल्या, मला त्यांना सांगता येणार नाही, तुम्ही काहीतरी करा.

आई : आणि निघताना म्हणाल्या, खुर्ची तुमचीच.

मुलगा : मीच म्हणायला सांगितलं होतं.

आई : सगळं तूच केलंस. खुर्ची तूच दिलीस, डोकेदुखी तूच दिलीस, बिजागऱ्यांना न घातलेलं तेलही तूच घातलंस. "नमस्कार, दवाखाना." आणि अख्खी रांग माझ्याकडे बघतेय. मी त्यांना चांगली माणसं म्हणत होते.

सून : चांगलीच होती ती, आई.

आई : हो गं. तेच तर लागतंय मला. वाईट असती तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

मुलगा : मला वाटलं, शांत जागी आणलं तर तुला वाटेल जागाच शांत आहे. तू जागेला बोल लावशील. मला लावशील. स्वतःकडे येणार नाहीस. तू म्हणालीस दार वाजत नाही, मी म्हटलं तेल घातलंय. तिथून एकेक वाढत गेलं.

आई : आणि मी दोन महिने या गावाला शिव्या दिल्या. बिचारं गाव.

मुलगा : पुढच्या महिन्यात कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. मळ काढायचाय असं सांगून नेणार होतो. कानाला यंत्र मिळतं, आई. चांगलं बसतं.

आई : डोळ्यांच्या वेळीही असंच म्हणाला होतास. चष्मा मिळतो, चांगला बसतो. त्याची डबी आहे बघ अजून माझ्याकडे.

मुलगा : मी चुकलो.

आई : चुकलासच. माझं दुखणं माझ्याआधी गल्लीला माहीत. डोळे गेले तेव्हा निदान मला पहिल्यांदा कळलं होतं. तेवढा मान असतो रे माणसाचा. तो घेतलास तू माझा. मायेनं घेतलास, म्हणून परत दे असंही म्हणता येत नाही.

सून : बसा, आई. किती वेळ दाराशी उभ्या आहात.

आई : काय म्हणालीस? जवळ ये. आता लाजायचं काय, कानाशी बोल.

सून : किती वेळ उभ्या आहात. बसा म्हटलं.

आई : बसते. तुझा घसा बसला तो माझ्यामुळे. आणि मी म्हटलं पुटपुटते. काल मी शिंपीणबाईंच्या लेकीची हकिकत सांगत होते तेव्हा तू काय सांगून गेली होतीस?

सून : कपडे वाळत घालून येते म्हटलं होतं. तुम्ही मान हलवलीत.

आई : मी मान हलवली. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकत आले, आता न ऐकताच मान हलवायला लागले. अरे ए, हात पुढे कर.

मुलगा : काय?

आई : हात. ही घे डबी. चष्मा काढून ठेव कपाटात, किल्ली ड्रायव्हरला दे. उद्या लोक सामान घेऊन येतील, त्यांना दारात उभं ठेवायचं नाही.

मुलगा : आई, तुला जायचंच असेल तर आपण...

आई : जाऊन काय करू? टायरवाल्याचा पंप मोजत रस्ता काढीन. दवाखान्याच्या पायरीवर पोचेनही. आणि मग पुढे? सगळ्यांना माझ्यासाठी पुन्हा फोन उचलायला लावू? नाही जायचं. डॉक्टरीणबाईंना मात्र तू फोन कर. मी करत नाही. सांग, आईला इथे करमतंय. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं.

मुलगा : खोटं सांगू?

आई : आत्ता विचारतोस? एवढं खोटं बोललास, त्यात एक माझ्यासाठी बोल.

मुलगा : बरं.

सून : चादर घालते पलंगावर. उठू नका, पायाकडून घालते.

मुलगा : आई, आज खरंच तेल घालून टाकतो या दाराला. हत्यारं आहेत घरात. गंज लागलाय, बिजागरी खराब होईल.

आई : नको घालूस. असू दे करकर. मला नाही तर नाही, तुम्हाला तरी कळेल म्हातारी कुठे निघाली ते.